ताईंच्या लॅबमधलं गुपित

अख्ख्या दारव्ह्याच्या रक्तात काय काय आहे, हे माझ्या थोरल्या नणंदबाईंइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांच्याकडून काढून घेणं देवालाही जमलं नसतं. बसस्टँडजवळ त्यांची रक्ततपासणीची लॅब होती. कोणाची साखर वाढली, कोणाला कावीळ झाली, सगळं एका कॉम्प्युटरमध्ये. तो त्यांनी म्हैस बांधायच्या साखळीनं टेबलाला बांधला होता आणि स्क्रीनचं तोंड भिंतीकडे केलं होतं. पाणी प्यायला उठल्या तरी आधी कॉम्प्युटर बंद करत. कोणाचा पेनड्राइव्ह त्याला लावू देत नसत. ‘दुसऱ्याचा ब्रश आपल्या तोंडात घालतं का कोणी?’ म्हणत. एकदा जुनी हार्डडिस्क बिघडली, तर ती उंबऱ्यावर ठेवून त्यांनी लोखंडी बत्त्यानं कुटली. शेजारच्या चहावाल्याला वाटलं, बाई नजर उतरवताहेत.

दर रविवारी त्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यवतमाळला आमच्याकडे येत. पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात लॅबच्या सगळ्या माहितीची नक्कल केलेली डिस्क. ती माझ्या कपाटात ठेवायची, गेल्या रविवारची परत न्यायची. आमचे हे हसत. ताई म्हणत, ‘हस बाप्पा. एका घरी आग लागली त दुसरं घर पाहिजे.’

आग नाही लागली, चोरी झाली. बाजाराच्या दिवशी दुपारी ताई जेवायला घरी गेल्या, तेवढ्यात मागच्या खिडकीचे गज वाकवून कोणीतरी आत शिरलं, साखळी कापली आणि कॉम्प्युटर उचलून नेला. ताईंचा फोन आल्यावर मी यवतमाळहून पोचले तेव्हा लॅबच्या दारात गर्दी होती. आत एक मुलगी ताईंसमोर रडत बसली होती. तिचं लग्न ठरत होतं आणि आदल्याच आठवड्यात तिच्या रक्तात सिकलसेल, आईबापांकडून मुलांत उतरणारा आजार, निघाला होता. तिला ते मुलाला स्वतः सांगायचं होतं, बाजारातून त्याच्या कानी जायला नको होतं.

‘ताई, माझं नाव त्यात आहे.’

‘आहे ना,’ ताई शांतपणे म्हणाल्या. ‘पण वाचता येत नाही कोणालेच. पासवर्डाबिगर उघडलं त नुसती गिचमिड दिसते. त्यानं डबा नेला बाई, चावी माह्या डोक्यात हाय. तू कायले रडून राह्यली?’

मुलगी ऐकत गेली तसा तिचा श्वास जागेवर आला. दुसऱ्या दिवशी माझ्या कपाटातली डिस्क दारव्ह्याला गेली, उसन्या कॉम्प्युटरवर लॅब सुरू झाली.

महिन्याभरानं चोर सापडला. तीन दुकानांत फिरूनही त्याला आतलं एक अक्षर उघडता आलं नव्हतं. पोलीस स्टेशनात साहेबांनी विचारलं, ‘हा कॉम्प्युटर तुमचाच कशावरून?’

‘उघडून दाखवतो की,’ ताई म्हणाल्या. ‘पण साहेब, तोंड तिकडं करा.’

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ताई वाट पाहत उभ्या राहिल्या. मग साहेब वळले, हवालदार वळले, खुर्चीला बांधलेल्या चोरानंही आपणहून मान फिरवली. एवढं पोलीस स्टेशन भिंतीकडे तोंड करून उभं असलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, तशी ताईंनी लॅब बंद केली. शेवटच्या दिवशी सगळी माहिती पुसायला घेतली तेव्हा मी शेजारी बसले होते. माझाही एक रिपोर्ट त्यात होता, लग्नाच्या सहाव्या वर्षी घरात कोणाला न सांगता दिलेल्या रक्ताचा. मला मूल का होत नाही, यावर सासूबाई चार पाहुण्यांतही बोलत. एकदा त्यांनी सरळ ताईंनाच विचारलं, ‘तुह्या लॅबात तपासलं असंन ना हिले? काय निघालं?’ ताई म्हणाल्या, ‘माय, मले काही आठवत नाही,’ आणि तुरीची डाळ पाखडत राहिल्या. या विषयावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

त्या दिवशी मात्र मी विचारलं, ‘ताई, माझा रिपोर्ट पुसला?’

‘तुहा कुठं होता यात?’ स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. ‘चहा मांड जरा.’

मी चहा मांडला. दोघींनी तो घेतला. बाहेर जीपवाला यवतमाळ, यवतमाळ म्हणून ओरडत होता, पण मला उठावंसं वाटेना.