दोन दारांची लाल गाडी

मागच्या सीटवरून मला दोनच गोष्टी दिसायच्या – धुक्यात शिरत जाणारं लाल बॉनेट आणि गिअरवर ठेवलेला आईचा हात. बाकी सगळं पांढरं. कोयनानगरला पावसाळा सरला तरी धुकं लवकर पाठ सोडायचं नाही. घाटाच्या कडेची झाडं एकेक करून त्यातून बाहेर यायची आणि पुन्हा विरघळून जायची. गाडीत पेट्रोलचा, दमट रेक्झिनचा आणि आवळासुपारीचा मिसळलेला वास भरून असायचा… सुपारी माझ्यासाठी, कारण वळणांवर मला मळमळायचं. त्या गाडीला मागे दार नव्हतं आणि मागची काचही उघडायची नाही. पुढची सीट कोणी वाकवली तरच बाहेर पडता यायचं. मी डोळे मिटून, गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि घाट कधी संपतो याची वाट पाहायची.

आई वसाहतीतल्या शाळेत गणित शिकवायची, बाबा वीजप्रकल्पात नोकरीला होते. बदली झालेल्या एका साहेबांची ती बसकी, वेगवान गाडी आईनं स्वतःच्या पगारातून घेतली होती. रविवारी ती आम्हांला घेऊन कुंभार्लीच्या घाटात निघायची. चपला काढून, अनवाणी पायांनी चालवायची. उताराच्या तोंडाशी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायची आणि म्हणायची, “ऐक.” मला काहीच ऐकू यायचं नाही. तिला मात्र काहीतरी ऐकू येत असावं, कारण तिचा चेहरा इतका निवांत मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही.

मी नऊ वर्षांची असताना सांगलीला आप्पांना – बाबांच्या वडिलांना – अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचं हळदीचं दुकान होतं आणि बाबा एकुलते एक. आधी रजा, मग बिनपगारी रजा, मग राजीनामा… आईनंही शाळेचा राजीनामा लिहिला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कुकरची शिट्टी होईपर्यंतच्या वेळात. महिनाभरात आम्ही सांगलीला आलो.

पुढे दुकान, मागे घर, मधल्या आवारात हळदीची पोती. त्या पिवळ्या धुळीचा उग्र, मातकट वास उशीच्या अभ्र्यांतही मुरलेला असायचा. लाल गाडी आवाराच्या आतल्या कोपऱ्यात उभी केली होती आणि तिच्यापुढे दिवसभर मालाचे टेंपो. ती बाहेर काढायची तर कोणाला तरी सांगावं लागे.

“वैनी, कुठं निघालाय? टेंपू काढतो की,” दुकानातले हमाल बापूमामा फार अदबीनं विचारायचे.

आई क्षणभर थांबायची. “कुठं नाही,” म्हणायची आणि परत फिरायची. खरंच तिला कुठं जायचं नसायचं. कोयनेला तसं कोणी विचारत नसे, इतकंच. दुपारी सगळे आडवे झाले की ती गाडीत जाऊन बसायची, काचा वर करून. मी खिडकीतून पाहायची – ती ओल्या फडक्यानं डॅशबोर्ड पुसत असायची, पुसून झालेलाच पुन्हा पुसत असायची.

आप्पांना आठवड्यातून तीनदा मिरजेच्या दवाखान्यात हातापायांच्या व्यायामासाठी न्यावं लागे. पहिल्या दिवशी बाबा आणि बापूमामांनी त्यांना धरून लाल गाडीत बसवायचा प्रयत्न केला. सीट इतकी खाली की आप्पांचा तोल जाई. धोतर दारात अडकलं, ताठ झालेला पाय काही केल्या आत येईना. ज्यांच्या आवाजानं सगळी पेठ दचकायची ते आप्पा रडायला लागले.

“सूनबाई, माजा पाय… त्यात वळंना गं,” ते जड जिभेनं म्हणाले.

“असू दे आप्पा,” आई त्यांचं धोतर सोडवत म्हणाली. “बघू काहीतरी.”

गाडी बदलायला बाबांनी तिला भाग पाडलं नाही. “तुझी गाडी आहे. तू म्हणशील तसं,” एवढंच म्हणाले. मला आज वाटतं, कोणी तिच्यावर ओरडलं असतं तर तिला निदान भांडता आलं असतं…

रविवारी आम्ही तिघं मिरज रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. बदल्यात तो एक पांढरी, डब्यासारखी उंच गाडी देत होता – पुष्कळ स्वस्त, वापरून जुनी झालेली, पण बाजूला सरकणाऱ्या रुंद दाराची. वरचे पैसे आप्पांच्या औषधपाण्याला आले असते. आई दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभी होती. तिचं ते उभं राहणं बाबांना सोसलं नाही बहुधा, ते माझ्याकडे वळून हसत म्हणाले, “तू सांग गं, कुठली घेऊया?”

मी पांढऱ्या गाडीत चढून बसले होते. काच उघडत होती. वारा येत होता.

“ही,” मी म्हणाले. “पांढरी.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं लाल गाडीतलं फडकं, सुपारीची डबी आणि चपला उचलल्या, चपला पायात घातल्या आणि किल्ली व्यापाऱ्याच्या टेबलावर ठेवली.

अकरा वर्षं तिनं आप्पांना पांढऱ्या गाडीतून मिरजेला नेलं आणि आणलं. तोच सरळ, सपाट रस्ता. आप्पा शेजारी बसून हळदीच्या भावाबद्दल बोलत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “सून हाय म्हणून मी हाय.” ते गेल्यावर बाबा म्हणाले, आता तुला आवडेल ती गाडी घे. तिनं मान हलवली. रिक्षानं भागतं, म्हणाली.

मी आता साताऱ्याला असते. गेल्या महिन्यात सांगलीला गेले तेव्हा आई अंगणात भुईमुगाच्या ओल्या शेंगा फोडत होती. मी शेजारी बसले आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, “तुला द्यायची होती का गं ती गाडी?”

“नव्हती,” ती सहज म्हणाली. “म्हणणारच होते… ही राहू दे, आप्पांना रिक्षा लावू. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तू म्हणालीस.”

“मला गाडी लागायची, आई. म्हणून म्हणाले.”

“माहितीय की. लेकरू मागं घुसमटतंय आणि मी आपली पळवतेय, असं झालं मला.” तिनं मांडीवरची टरफलं गोळा केली. “चल, चहा टाकते.”

संध्याकाळी परतताना कऱ्हाडजवळ पाटणकडे, पुढे कोयनेला आणि आईच्या त्या घाटाला जाणारा फाटा आला. मी वेग कमी केला. मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला, आणि मी सरळ साताऱ्याकडे निघाले.