मातीची बिअर

तर हाल्वारच्या भट्टीतून भर मार्चमध्ये धूर निघाला. आल्डरच्या लाकडाचा, तोच ओळखीचा वास. आमच्या खोऱ्यात बिअरसाठी जव भाजायचे ते नाताळाच्या आधी, नाहीतर कुणाच्या मातीला. अवेळी धूर दिसला की लोक एकच विचारतात, "कोण गेलं?"

गेलं कुणीच नव्हतं. हाल्वारचा बाप, माझा जुना जोडीदार आर्न्ट, न्यूमोनियानं अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरनं आशा सोडली होती. आता जवाला मोड आणायचे, धुरावर वाळवायचे, मग बिअर मुरायची. बाप गेल्यावर सुरुवात केली तर मातीला आलेल्यांपुढे ठेवायचं काय?

आणि आर्न्ट म्हणजे बिअरच्या बाबतीत महाखवचट. एका शेजाऱ्याच्या मातीला फिकी बिअर मिळाली, तर भर पंगतीत म्हणाला, "बिचारा वेळेवर सुटला. नाहीतर ही प्यावी लागली असती." हाल्वार तेव्हा शेजारीच बसला होता. ठेच लागली तर दगडाची माफी मागेल असा हा गडी. त्यानं तेव्हाच धसका घेतला, की बाबांची बिअर काळीभोर आणि जहाल झालीच पाहिजे.

पण प्रमाण सगळं बापाच्या डोक्यात. जाळाजवळचे करपलेले जव किती, वरच्या फळीवरचे फिके किती? हाल्वारनं लहान पातेल्यात करून मला चाखवलं.

"लेका, ही तर चुलीतली राख!"

दुसरं पातेलं दिसायला कॉफी, चवीला पाणी. शेवटी बिचारा बापाच्या खाटेशी जाऊन बसला.

"बाबा, नाताळच्या बिअरला काळे जव किती घालता हो?"

आर्न्टनं एक डोळा उघडला. "नाताळ? आत्ता?"

"सहज आपलं."

"चारात एक. आणि जवातून पहिल्यांदा निथळेल तोच रस घ्यायचा. त्याच जवावर दुसरं पाणी ओतशील तर बघ."

ज्या सकाळी अंगणात मोठी कढई चढवली, त्याच सकाळी आर्न्टचा ताप उतरला. आम्हाला पत्ताच नाही. मी बिअर गाळायला जुनिपरच्या डहाळ्या तोडत होतो, हाल्वार ढवळत होता, वाफ पार रस्त्यावर गेली होती. तेवढ्यात शेजारच्या गुनवोर काकू आल्या, अंगात काळे कपडे, हातात सायीच्या खिरीचं झाकलेलं भांडं. थेट दाराशी गेल्या. दार उघडलं आर्न्टनंच, काठी टेकत.

"अगं बाई! तू?"

"मीच. कुणाच्या मातीला निघालीस गं?"

"अरे, तुझ्याच! धूर तुझा, वाफ तुझी, मला वाटलं..."

आर्न्टनं अंगणाकडे पाहिलं. कढई, डहाळ्या, आणि डाव हातात धरून उभा हाल्वार, कानापर्यंत लाल. काकूंनी खीर तिथंच ठेवली नि चालत्या झाल्या. आर्न्टनं ती बसून संपवली, ते वेगळं.

पण हाल्वार पार मिटला. गोठ्यातच जेवायचा. बापाची चाहूल लागली की मागच्या दारानं पसार. चर्चला नाही, दुकानात नाही, कुणी नुसतं "काय हाल्वार?" म्हटलं तरी मान खाली. मी समजावलं, "अरे, तू मानानंच करत होतास ना सगळं?" तर म्हणाला, "काका, ते जिवंत होते हो."

बिअर मुरली तशी आर्न्टनं मला बोलावलं, पोरालाही हाक मारली. "आण ती माझी बिअर."

हाल्वारनं लाकडी वाडगा आणला. आर्न्टनं उजेडात रंग पाहिला, घोट घेतला, जिभेवर फिरवला.

"दुसरं पाणी ओतलंस."

"लोक फार येतील असं वाटलं."

"माझ्या मातीला पाणी घातलेली बिअर! मेल्या, लाज नाही वाटली?"

हाल्वारनं तेव्हा पहिल्यांदा बापाकडे नीट पाहिलं. म्हणाला, "बाबा, तुमच्या मातीची बिअर चांगली झाली असती तर लाज जास्त वाटली असती."