मनगटावरचा चहाडखोर

आमच्या मोठ्या साडूंच्या पोटातलं ओठावर आलेलं डहाणू तालुक्यात कुणीही पाहिलेलं नाही. चिकूच्या व्यापाऱ्याने प्रेमाने "केम छो?" म्हटलं, तरी हे "तुम्हाला कशाला?" म्हणतात. कुठे दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारलं तर "तुम्ही शिकलात ना? शोधा!" बायको गेल्यापासून चिखल्याच्या वाडीत एकटेच राहतात, आणि तिथून हलायचं नाही हा हट्ट तेवढा त्यांनी उघड ठेवलाय.

अशा माणसाच्या मनगटावर नाडीचे ठोके आणि झोप थेट पुण्यातल्या लेकीच्या मोबाइलवर कळवणारं घड्याळ आलं. वाडीत चक्कर येऊन पडले तेव्हा तिने बजावलं होतं, "घड्याळ घाला, नाहीतर पुण्याला चला." साडूंनी निमूटपणे घातलं आणि त्याचं नाव ठेवलं 'चहाडखोर'. पहिल्याच दिवशी चपला घालून गंजाडला निघाले, तोच घड्याळाला जोडलेल्या फोनने विचारलं, तुमचं ठिकाण कळवू का? "निघताना 'कुठे' म्हणून विचारतंय लेकाचं!" साडू उलटे फिरले, झोपाळ्यावर बसले, घोटभर पाणी प्यायले, 'नको'वर बोट दाबलं आणि मगच बाहेर पडले. अच्छाडच्या ढाब्यावर भजी समोर आली की मनगटाला रुमाल गुंडाळतात. अहो, त्याला डोळे नसतात, असं मी समजावलं, तर म्हणाले, "डोळे नाय तरी सगळं कळतं, म्हणून तर भीती!"

परवा भाचीचा घाबराघुबरा फोन आला. "काका, रोज संध्याकाळी बाबांचे ठोके दिसायचेच बंद होतात. काहीतरी लपवतायत. रविवारी येऊन मी त्यांना घेऊनच जाते." माझ्या डोळ्यांपुढे ताडीचं मडकं उभं राहिलं. त्याच संध्याकाळी मी वाडीवर जाऊन धडकलो. साडू झोपाळ्यावर, घड्याळ काढून तांदळाच्या डब्यात, आणि समोर मोबाइल. तो वाजला. लेकीचाच, रोजचा. "हां... बरा आहे... जेवीन." एवढंच बोलले, पण ऐकताना असे खुलले होते की आमच्या लग्नातसुद्धा मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

फोन संपल्यावर मी डब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पायाने एक झोका दिला.

"तिच्या फोनची वेळ झाली की धडधडायला लागतं हो," ते हळूच म्हणाले. "तिकडे तिला दिसलं, तर कळेल ना, बाप किती वाट बघतो ते. मग ठेवेल होय मला इथे?"

मला हसूही आलं आणि भरूनही आलं. घरी येऊन भाचीला सांगितलं, "काही नाही गं, त्या वेळी घड्याळ चार्जिंगला लावतात."

"एवढंच? मग रविवारी नुसती भेटायलाच येते."

"ये. आणि रोजचा फोन चुकवू नकोस."

"पण बाबा धड बोलतही नाहीत हो, काका."

"ऐकतात गं," मी म्हटलं.