लाइट गेली आणि काळी तीन उरली

लाइट गेली तेव्हा शैलाआक्का दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर होत्या. निपाणीतलं मंगल कार्यालय, भरदुपार, पंगत बसलेली. माइक गेला, कीबोर्ड गेला, माझ्या बास गिटारचा अँप्लिफायरही गेला. उरली ढोलकी आणि आक्कांचा नुसता गळा. त्या थांबल्या नाहीत.

आक्का आमच्या बेळगावच्या ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यात जुन्या गायिका. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा हा पहिलाच कार्यक्रम. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून आम्ही कुणाची पट्टी कोणती ते सांगतो. आक्का पूर्वी काळी पाचात गायच्या, आता काळी तीनपर्यंत उतरल्या होत्या. येताना गाडीत त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आज सूर सुटला तर परत माइक धरणार न्हाय मी. लोकांनी कीव केल्याली नको मला."

आता त्या आधाराशिवाय गात होत्या. कीबोर्ड नसला की गाणाऱ्याचा सूर हळूहळू खाली सरकतो, भल्याभल्यांचा सरकतो. त्यात वाढप्यांची लगबग, पोरांचा गोंगाट. मी बंद पडलेली गिटार गळ्यात अडकवून नुसता उभा. एवढा हतबल मी स्टेजवर कधीच झालो नव्हतो.

जनरेटर धडधडला. अँप्लिफायर लगेच जागा झाला. मी भीतभीत काळी तीनचा खालचा सूर छेडला. तो आक्कांच्या सुराखाली अचूक बसला. बाईंचा सूर केसभरही हलला नव्हता!

आणि तेवढ्यात कीबोर्ड सुरू झाला.

जे ऐकू आलं त्याला संगीत म्हणायची माझी तयारी नाही. पंगतीतल्या माणसांचे घास हातातच राहिले. नवरीच्या आईने दचकून स्टेजकडे बघितलं. आक्कांच्या कपाळावर आठी पडली, डोळे मिटले गेले. मी कीबोर्डकडे सरकलो आणि महेशला म्हटलं, पट्टी बघ. कंग्राळीचा महेश आठवडाभर फाउंड्रीत असतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर. कित्येक वर्षांचा हात आहे त्याचा.

"मी बरोबरच वाजवाय लागलोय की," तो म्हणाला. "तुझाच बास चुकतोय."

त्याची बोटं खरंच बरोबर होती. घोळ इथेच होता. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन सूर. गाण्याखाली अशा कॉर्ड क्रमाने फिरतात: घरातून निघायचं, शेजारी जाऊन यायचं, परत घरी. हेच कॉर्ड प्रोग्रेशन. आमच्याकडे बरेच कीबोर्डवाले हे सगळं एकाच पट्टीत शिकतात, पांढरी एकमध्ये. गायकाची पट्टी वेगळी असली की ट्रान्सपोजचं बटण दाबायचं. बोटं तिथेच, आवाज दुसरीकडे. पण लाइट गेली की महेशचा कीबोर्ड ते बटण विसरतो. चालू झाला तो थेट पांढरी एकवर.

बरं, दुसरी एखादी पट्टी असती तर निभावलं असतं. मी माझ्या संगीताच्या क्लासमध्ये सर्कल ऑफ फिफ्थ्स शिकवतो. घड्याळाच्या तबकडीवर बारा पट्ट्या मांडायच्या, पण ओळीने नाही. प्रत्येक वेळी ‘सा’पासून ‘प’पर्यंतची उडी. बारावर पांढरी एक ठेवली की एकवर पांढरी पाच येते, दोनवर पांढरी दोन. गाण्याच्या मुख्य तीन कॉर्ड म्हणजे ते घर आणि त्याचे दोन शेजारी. म्हणून जवळच्या पट्ट्यांमध्ये एखाददुसरी कॉर्ड सामाईक निघते, चूक थोडी झाकली जाते. काळी तीन येते सहावर. पांढरी एकच्या बरोबर समोर, सगळ्यात लांब. मुख्य कॉर्डपैकी एकही सामाईक नाही. दैवाने निवडून निवडून तीच जोडी काढली होती.

हे सगळं महेशला तिथे सांगणार कसं? मी त्याचा हात मनगटाला धरून उचलला. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला मारलंच आहे. उरलेलं गाणं आक्का, ढोलकी आणि माझा बास यांनी संपवलं. त्या गदारोळातही बाई काळी तीनवरून ढळल्या नव्हत्या. जेवणारी माणसं उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होती.

स्टेजमागे महेश मान खाली घालून कीबोर्डच्या वायरी गुंडाळत होता. कीबोर्डच्या पडद्यावर ट्रान्सपोजचा शून्य बघून त्याला पटलं होतं, पण धक्का ओसरला नव्हता. आक्का पाणी प्यायल्या. मला वाटलं, आता रडतील.

"सुटला व्हय रं कुठं?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाय आक्का. कुठंच न्हाय."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मग पुढच्या टायमाला काळी चारात धरूया."

महेशचा हात सवयीने ट्रान्सपोजच्या बटणाकडे गेला. आक्कांनी कपाळावरची टिकली काढली आणि त्या बटणावर चिकटवली.

महेश आता बाराही पट्ट्यांतल्या कॉर्ड बसवतोय. काळी तीनमध्ये अजून अडखळतो. आक्का त्याच्यासाठी थांबतात, मी थांबत नाही. मी क्लासमध्ये सर्कल ऑफ फिफ्थ्स आधी शिकवतो आणि ट्रान्सपोजचं बटण कुठे असतं ते पोरांना स्वतः शोधू देतो.