निम्म्या वाटेवरचं पर्थ

मी कोल्हापूर सोडलं त्या दिवशी गावात फुटबॉलची फायनल होती. मॅच संपायच्या आत गावाबाहेर पडायचं असं ठरलं होतं, पण आईचं देवापुढचं काही उरकेना, आणि आम्ही निघालो तेव्हा जिंकलेल्या तालमीच्या संघाची मिरवणूक रस्त्यावर आली होती. पुढे हलगी, मागे झेंडे, गुलालाने लाल झालेली पोरं, आणि मधोमध आमची भाड्याची गाडी. मुंबईहून सुटणारं विमान चुकणार म्हणून मी रडकुंडीला आले होते.

बाबा गाडीतून उतरले. कारखान्यातली नोकरी सांभाळून त्यांनी कितीतरी वर्षं मैदानावर लाइन्समनचं काम केलं होतं, त्यामुळे पेठेतलं पोरगं न् पोरगं त्यांना ओळखायचं. त्यांनी हातात झेंडा असल्यासारखा हात वर केला. पोरं हसायला लागली. "पोरगी न्यूझीलंडला निघालीय रं, वाट द्या," एवढंच ते म्हणाले. गर्दी दुभंगली, गाडीवर दोन मुठी गुलाल पडला आणि आम्ही सुटलो. मुंबईला निरोप घेताना बाबा म्हणाले, "तिकडं मैदान कुठं आहे ते आधी बघ. मैदानाजवळ माणसं चांगली भेटतात."

मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारखंच निघून आलेल्यांना मी हे सांगते आहे, कारण बाबांचं म्हणणं मला खरं करून घ्यायला फार वर्षं लागली.

ऑकलंडला स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला आले. शिकता शिकता एका डेअरीत काम केलं. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, दुधाची नव्हे, हे कळेपर्यंत मी म्हशी शोधत होते. मग पेनरोजच्या एका डेपोत ट्रकांच्या फेऱ्या लावायचं काम मिळालं आणि तिथून एका फुटबॉल क्लबात. लग्न झालं, ऑकलंडच्याच हिल्सबरो भागात घर झालं, ईरा झाली. क्लबात माझं काम टीमच्या प्रवासाचं. तिकिटं, हॉटेलं, बॅगा, कुणाला शाकाहारी, कुणाला ग्लूटेन चालत नाही.

आमचा क्लब न्यूझीलंडचा, पण खेळतो ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये. म्हणजे बाहेरची मॅच म्हटली की बहुतेक वेळा समुद्र ओलांडायचा. तिकडचे क्लब आमच्याकडे सीझनमध्ये एखाद-दुसऱ्या वेळी येतात आणि त्याचंही त्यांना ओझं वाटतं. आम्ही जवळजवळ दर पंधरा दिवसांनी जातो. कोल्हापुरात बाहेरगावची मॅच हा प्रकारच नव्हता. सगळ्या तालमींचं मैदान एक. हरलेला चालत घरी जायचा, जिंकलेला नाचत.

त्यातही पर्थ म्हणजे कहर. ऑस्ट्रेलियाच्या पार पलीकडच्या टोकाला. जायला सात तास, घड्याळ पाच तास मागे. आमचा गोलकीपर इतका उंच की त्याचे गुडघे सीटच्या वाटेत येतात आणि दर वेळी खाण्याची गाडी त्यांवर आपटते. परतायच्या आधी सगळ्यांचे बूट घासून स्वच्छ करावे लागतात, कारण न्यूझीलंडमध्ये बाहेरची माती आणायला बंदी आहे. हॉटेलच्या बाथरूममध्ये टूथब्रशने बूट घासताना मी पुष्कळदा मनाशी म्हटलंय, ह्यासाठी मास्टर्स केलं होतं.

एका सीझनचा ड्रॉ लागला, म्हणजे मॅचेसचं वेळापत्रक आलं, आणि मी डोक्याला हात लावला. रविवारी संध्याकाळी पर्थला मॅच आणि शुक्रवारी घरी पुढची. मधे प्रवास, मधे ती पाच तासांची उलथापालथ. मी पर्थच्या क्लबात माझंच काम करणाऱ्या हेलनला फोन केला. तिला मी फक्त ई-मेलवर ओळखत होते. मॅच शनिवारी घ्याल का, विचारलं. "सॉरी, नाही जमणार," म्हणाली आणि फोन ठेवला. मग सिडनीत लीगचं वेळापत्रक बनवणाऱ्या ग्रेगला फोन केला. तो म्हणाला, "प्रवास सगळ्यांनाच आहे, मेट."

सगळ्यांनाच आहे! मी दिवसभर ते वाक्य चावत राहिले.

खरं सांगायचं तर त्या वाक्याचा राग जुना होता. घरीही माझं हेच चाललं होतं. वर्ष-दीड वर्षाने मीच कोल्हापूरला जायची. ईराला घेऊन, दोन विमानं बदलून, सगळी रजा त्यात घालवून. माझा धाकटा भाऊ सुहास उद्यमनगरात मशीन शॉप चालवतो, आईही त्याच्याकडेच असते. बाबा गेले तेव्हा मी विमानात होते, उतरले तोवर सगळं झालेलं. त्यानंतर तर मला वाटायचं, आता एकदा तरी त्यांनी यावं. एकदा व्हिडिओ कॉलवर मी बोलून गेले, "दर वेळी मीच का?"

सुहास म्हणाला, "तू गेलीस न्हवं आक्का? मग तूच यायचं."

आई मधे पडली नाही. एवढंच म्हणाली, "तू विमानात बसतीस ते दिसतंय सगळ्यांना. आम्ही हितं तुझ्या येण्यावर वर्ष काढतोय, ते कुठं दिसतंय?"

मी विषय बदलला. पुढचे कितीतरी दिवस आम्ही फक्त हवापाणी बोललो.

त्या पर्थच्या दौऱ्यात मॅच आम्ही हरलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारचं परतीचं विमान रद्द झालं. सबंध टीम, डोंगराएवढ्या बॅगा, आणि शहरात कसलंसं अधिवेशन असल्यामुळे एकाही हॉटेलात एकत्र खोल्या नाहीत. मी कुठे कुठे फोन करत उभी होते तेवढ्यात हेलन आली. पन्नाशीची बाई, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपर्स, मागे क्लबच्या दोन मिनीबस. "पोरांना घेऊन चल, आमचा स्विमिंग पूल आणि किचन मोकळं आहे. राहायचं मी बघते," ती म्हणाली. आमची टीम त्यांच्या पूलमध्ये उतरली. काहींनी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणले नव्हते, ते सरळ चड्ड्यांवर उतरले.

आम्ही दोघी बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. मी म्हटलं, "शनिवारी खेळला असतात तर आज आम्ही घरी असतो."

ती शांतपणे म्हणाली, "आम्ही बुधवारी ब्रिस्बेनहून आलो. त्याच्या आधी मेलबर्न. शनिवारी खेळायचं म्हणजे माझ्या पोरांना घरी जेमतेम तीन रात्री. तू समुद्र ओलांडतेस म्हणून तुझा प्रवास सगळ्यांना दिसतो. आम्ही वाळवंट ओलांडतो, तो देशातल्या देशात धरतात."

मला ते ठाऊकच नव्हतं. आम्हाला वर्षातून एखादं पर्थ पडतं, त्यांना दर पंधरा दिवसांनी कुठलं ना कुठलं पर्थ. आपल्याइतकंच दमलेलं माणूस इतकी वर्षं ई-मेलच्या पलीकडे बसलं होतं.

विमान येईपर्यंत आम्ही एक गोष्ट ठरवली. एकमेकींकडे दिवस मागायचे नाहीत, दोघींनी मिळून लीगकडे मागायचे. आमची आणि पर्थची मॅच झाली की दोन्ही टीमना पुढच्या मॅचआधी पूर्ण आठवडा मिळावा. मॅच इकडे असो की तिकडे.

सीझन संपल्यावर सगळ्या क्लबांची ऑनलाइन मीटिंग झाली. ग्रेग काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने स्क्रीनवर आमची एक मॅच सरकवून दाखवली आणि तिच्या धक्क्याने बाकीच्या कशा ढासळतात तेही दाखवलं. या स्टेडियममध्ये क्रिकेट, त्या स्टेडियममध्ये कॉन्सर्ट, टीव्हीवाल्यांच्या वेळा वेगळ्याच. दोन क्लब तर स्पष्ट म्हणाले, "तुमची सोय म्हणजे आमचा आठवडा लहान."

मी बोलले, हेलन बोलली. मग आमच्या कॅप्टनने, सोलोने, माइक सुरू केला. पोरिरुआ शहरातला मुलगा, एरवी बोलणं कमीच.

"मला तक्रार करायची नाहीये," तो म्हणाला. "पर्थहून आल्यावरच्या त्या शुक्रवारी माझी आई पोरिरुआहून दिवसभर गाडी चालवून मॅच बघायला आली होती. पहिल्या हाफमध्येच माझी मांडीमागची हॅमस्ट्रिंग गेली. तिला मी बाकावर बसलेलाच दिसलो. आमच्या घरच्या माणसांनाही पूर्ण टीम बघायला मिळावी, एवढंच."

ग्रेगने स्क्रीनवरच्या मॅचेस पुन्हा सरकवून पाहिल्या. मग ग्रेग म्हणाला, "बदल्यात सोमवारच्या मॅचेस घ्याल का? त्या कुणालाच नको असतात."

सोमवारी स्टेडियम अर्धं रिकामं असतं. हेलनने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे स्क्रीनकडे, पण मला ते माझ्याकडेच वाटलं. आम्ही दोघींनी होकार दिला. पुढच्या ड्रॉमध्ये तो आठवडा आला. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. गैरसोय जरा नीट वाटली गेली, आणि कुणीतरी आमचं ऐकलं.

त्या मोकळ्या आठवड्याने माझ्या डोक्यात वेगळाच किडा सोडला. एका रविवारी मी सुहासला फोन केला.

"पर्थला मॅच आहे. नंतर मला चार दिवस रजा मिळतीय. तू आईला घेऊन पर्थला ये. मी ईराला घेऊन इकडून येते."

"पर्थला कशाला? तिथं आपलं कोण हाय?"

"कुणीच नाही. म्हणूनच. तुम्हाला निम्मी वाट, मला निम्मी."

माझ्या शेजारी बसलेली ईरा म्हणाली, "आई, आजी कॅन्ट वॉक दॅट मच." ते फोनवर ऐकू गेलं असणार, कारण पलीकडून आईचा आवाज आला. कोल्हापूरच्या जुन्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, तशी ती म्हणाली, "चालत कुठं जायचंय? विमान हाय न्हवं? मी येतो."

आई आली. इरकल साडी, पायात सुहासचे पांढरे बूट, विमानतळाच्या व्हीलचेअरवर राणीसारखी. मॅचला हेलनने आम्हाला सावलीतल्या सीट दिल्या. आमच्या एका गोलला ऑफसाइड दिलं तेव्हा आई मोठ्याने म्हणाली, "झोपलाय काय ह्यांचा लाइन्समन?" मॅच बरोबरीत सुटली. सोलो कठड्यापाशी येऊन वाकून म्हणाला, "किया ओरा, आँटी."

"काय म्हणतोय?"

"नमस्कार म्हणतोय."

आईने त्याच्या घामेजल्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "पोरगं दमलंय. जेवायला घाल त्याला."

पण त्या चार दिवसांतलं मला सगळ्यात आठवतं ते सुहासचं झोपणं. आम्ही भाड्याने घेतलेल्या छोट्या फ्लॅटमध्ये तो पहिले दोन दिवस नुसता झोपला. ईराने त्याच्या उशाशी धिंगाणा घातला तरी जाग नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं नदीकाठी बाकावर बसलो तेव्हा म्हणाला, "पासपोर्ट बाबा असतानाच काढला होता आक्का. तुझ्याकडं यायचं म्हणून. मग त्यांचं दुखणं, मग आईचे गुडघे. एक दिवस जरी मशीन बंद ठेवायचं म्हटलं तरी गिऱ्हाइकाचा फोन येतोय. तुला वाटायचं मी हट्टानं येत नाही."

"मला वाटायचंच," मी म्हटलं.

"मलाबी वाटायचं, तू मजेत हायस. विमानानं काय, बसलं की झालं." तो हसला. "सिंगापूरला विमान बदलताना आईला घेऊन पळताना समजलं."

माफी कुणीच मागितली नाही. आम्ही दोन फ्लॅट व्हाइट कॉफी प्यायलो, त्याला ती कडू लागली, त्याने तीन पुड्या साखर घातली. एवढ्यावर जुनं भांडण मिटलं.

शेवटच्या दिवशी आम्ही सगळे एकत्र विमानतळावर गेलो. त्यांचं विमान आणि आमचं विमान यांत थोडंच अंतर होतं. आतल्या फाट्यावर त्यांची वाट डावीकडे, आमची उजवीकडे. तिथे उभं असताना माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच निरोप द्यायला कुणी मागे राहणार नव्हतं. काचेपलीकडून हात हलवणारं कुणी नव्हतं. चौघांच्याही हातात बोर्डिंग पास होते. रडू येईल म्हणून मी तयारीत होते, ते आलंच नाही.

एअरलाइनच्या मुलीने आईची व्हीलचेअर वळवली. आई मागे वळून म्हणाली, "घरी पोचलीस की फोन कर."

आजवर ती नेहमी ‘तिकडं पोचलीस की’ म्हणायची. घर हा शब्द तिने कोल्हापूरसाठी राखून ठेवला होता, आणि मीही. ऑकलंडच्या घराला मी हिल्सबरो म्हणायचे, कोल्हापूरला घर.

"हो," मी म्हटलं. "तूही कर. घरी पोचलीस की."

ईराने माझा हात ओढला, आणि आम्ही आमच्या गेटकडे निघालो.