एका कानाने ऐकलेलं बल्लारपूर, एका गाण्यासाठी गडचिरोली

मे महिन्यात चंद्रपूरला जाते म्हटल्यावर साताऱ्यातल्या आमच्या शिक्षक-खोलीत प्रश्न सुरू झाले. एकीने विचारलं, कुणाचं लग्न आहे का? दुसरीने विचारलं, वाघ बघायला का? दोन्हीला नाही म्हटलं. लॅपटॉपवर संगीत कसं बनवतात ते शिकायला चालले आहे, हे मात्र सांगितलं नाही. ते मोठ्याने म्हणायची तेव्हा मलाच लाज वाटत होती.

थोडं मागचं सांगते. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी उठले, तर उजव्या कानाने काही ऐकू येईना. पाणी गेलं असेल म्हणून मी तीन दिवस काढले. नंतर डॉक्टर म्हणाले, तेच दिवस महत्त्वाचे होते. गेलेलं ऐकणं परत आलं नाही. मी भूगोल शिकवते, वर्ग एका कानावर निभावतो. पण ज्या भजनी मंडळात मी वर्षानुवर्षं पेटी वाजवली ते सुटलं. चार आवाज एकत्र झाले की माझ्यासाठी त्यांची खिचडी होते. त्याच सुमारास बहिणीने तिचा जुना लॅपटॉप दिला. त्यात संगीताचं एक सॉफ्टवेअर होतं. एकेक आवाज निवडायचा, आपल्या वेळेने ओळीत मांडायचा, नाही पटला तर पुसायचा. मला ते फार मानवलं.

अडचण शिकण्याची होती. इंटरनेटवरच्या एका गटात मी शंका विचारायचे. तिथे सगळं डाव्या-उजव्या कानाभोवती फिरायचं: हा आवाज थोडा डावीकडे ठेवा, तो उजवीकडे. एकदा धीर करून लिहिलं की मला एकाच कानाने ऐकू येतं, मी काय करू? एकाने उत्तर दिलं, मग हा छंद तुमच्यासाठी नाही. त्याखाली बऱ्याच जणांनी सहमतीचे अंगठे उमटवले. मी त्याच दिवशी गट सोडला.

नंतर एका माणसाचे व्हिडिओ सापडले. फोनवर काढलेले, मागे कूलरची घरघर, मधेच कुकरची शिट्टी. भीमगीताला नवा ठेका कसा द्यायचा ते तो स्क्रीनवर बोट ठेवून मराठीत सांगायचा. नाव सुगत, राहणार बल्लारपूर. मी माझा चार मिनिटांचा तुकडा त्याला पाठवला. त्याने लिहून उत्तर दिलं नाही, सरळ फोन केला.

"ताई, सूर गोड आहे," तो म्हणाला. "पण तुमचा किक अन् बेस एकाच खुर्चीवर बसून राह्यले. एकाले उठवा."

किक म्हणजे ढोलासारखा मुख्य ठोका आणि बेस म्हणजे त्याच्या खालून चालणारा खर्ज. वर्षभर जे मला कळत नव्हतं ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. पुढे म्हणाला, फोनवर किती सांगू, दोन दिवस इथी येऊन बसा. मी हो म्हटलं. कानाचं काही बोलले नाही.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर, आणि नागपूरहून दक्षिणेकडे जाणारी जवळपास कुठलीही गाडी धरून तीनेक तासांत बल्लारपूर. तिकीट काढताना गोंधळू नका, गाव बल्लारपूर असलं तरी स्टेशनचं नाव बल्लारशाह आहे. गाडीत मी नेहमी उजव्या हाताला खिडकी येईल अशी जागा धरते, म्हणजे माणसं चांगल्या कानाकडे येतात. वरोऱ्यानंतर सपाट रानात अचानक टेकड्या उभ्या राहिल्या. मी त्यांचा भूगोल आठवू लागले, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, त्या टेकड्या नाहीत, कोळशाच्या खाणीतून काढून टाकलेली माती आहे.

सुगत स्कूटर घेऊन आला होता. चाळिशीचा, अंगाने बारीक, कागद कारखान्यात पाळीवर जाणारा. "जय भीम ताई" म्हणून त्याने माझी पिशवी पुढे ठेवली. घरी त्याची बायको प्रतिभा होती, तीही शिक्षिका. आल्या आल्या तिने पातोडीचा रस्सा आणि भात वाढला. पातोडी म्हणजे मसाल्याच्या बेसनाची वडी, आणि रस्सा असा झणझणीत की बाहेरचं ऊन सौम्य वाटावं. उन्हाबद्दल एवढंच सांगते, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच घराबाहेर पडू नका, आणि ओला दुपट्टा डोक्यावरून काढू नका.

जेवण झाल्यावर सुगतने लॅपटॉप उघडला आणि नेमका माझ्या उजव्या हाताला बसला. तो बोलत होता, कूलर चालू होता आणि मी पंधरा मिनिटं नुसती मान डोलवत होते. एक शब्द कळत नव्हता. सांगावं तर इतक्या लांब येऊन आता कसं सांगायचं? प्रतिभा दारात उभी राहून बघत होती. वर्गात मागच्या बाकावर मान डोलवणारी मुलं तिनेही पाहिली असणार.

"थांबा जी," ती नवऱ्याला म्हणाली. "ताईले त्या बाजूनं आयकू नाई येऊन राह्यलं."

मग मी सगळं सांगितलं. कान, भजनी मंडळ, तो गट, ते अंगठे.   संपल्यावर सुगत उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला.

"ताई, माह्या घरी दुसरा स्पीकर कुठी दिसते का पाहा बरं."

मी पाहिलं. टेबलावर एकच काळा स्पीकर होता, दुसऱ्याच्या जागी प्रतिभाच्या वह्यांचा गठ्ठा.

"दुसरा जळला, दोन साल झाले. आणलाच नाई, काऊन का लागलाच नाई. आपलं गाणं वाजते वरातीत, पिकअप गाडीवर. सगळ्या डब्ब्यातून एकच आवाज निंगते, अन् लोक चारी बाजूनं नाचते. डावा-उजवा कोणाले भेटते तिथी? मी एकाच स्पीकरवर बनवतो. तुमी तं आधीपासूनच तयार आहा."

 प्रतिभाने कूलर बंद केला आणि उकाडा सहन करत आम्ही तिघंही बसलो. दोन्ही बाजूंनी एकच आवाज ठेवण्याला मोनो म्हणतात. तो शब्द मी वाचला होता, पण तो जुनाट, गरिबाचा प्रकार आहे असं समजत होते. सुगतने मला स्पीकरवर तळहात ठेवायला लावला. बेसमधला अगदी खालचा भाग त्याने कापला आणि ती जागा किकला मोकळी करून दिली. हाताखालचा गिचमिड थरथराट जाऊन एकेक ठोका सुटा लागू लागला. कानाच्या आधी ते हाताला कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सुगतच्या घरी सहाजण जमले. खाणीत काम करणारे दोघे, बेंजो वाजवणारे एक वयस्क भाऊ, बाकीचे लग्नात गाणी लावणारे. दर रविवारी ज्याची पाळी नसेल तो येतो. कुणाकडे महागडं सामान नाही. एकाचा लॅपटॉप चार्जरला लावला तरच चालतो. आवाजांच्या फाइली पेनड्राइव्हवरून या हातातून त्या हातात जातात. प्रत्येकाने आपलं नवं काम दोन मिनिटं वाजवायचं, आणि ऐकणाऱ्याने चांगलं-वाईट म्हणायच्या आधी एकच सांगायचं: माझा पाय कुठे हलला आणि कुठे थांबला. मला वाटतं, इतकी उपयोगी आणि इतकी सभ्य टीका मी कुठल्याच शिबिरात ऐकलेली नाही. माझ्या तुकड्यावर बेंजोवाले भाऊ म्हणाले की तिसऱ्या वळणावर पाय थांबला, कारण तिथे मी एकदम चार नवे आवाज आणले. मी तिथेच दोन काढून टाकले.

सोमवारी सकाळी सुगत मला एका लग्नघरी घेऊन गेला. तिथे त्याच्या चुलतभावाची पिकअप लागायची होती, आणि गाडी लागली की आधी आवाज तपासतात. मोठ्या आवाजापासून डावा कान जपायला डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी बोळा घातला आणि पन्नास पावलं लांब उभी राहिले. सुगतनेही कापूस घातला. त्याच्या कानात कधीकधी शिट्टी वाजते, हे तेव्हा कळलं. जाणार असाल तर बोळे नक्की ठेवा, तिथला आवाज खरोखर घातक असतो आणि त्याचं कौतुक मला करायचं नाही.

भावाने माझा तुकडा लावला. ठोका छातीत लागला, खर्ज त्याच्या बाजूने वेगळा चालला. कुणी नाचलं वगैरे नाही, कारण कुणाला वेळच नव्हता. शिडीवर एक मंडपवाला कापडाला खिळे मारत होता. थोड्या वेळाने त्याची हातोडी माझ्या ठोक्यावर पडू लागली. त्याला पत्ताही नव्हता. तीन खिळे त्याने माझ्या तालात मारले, मग खाली उतरून पाणी प्यायला गेला. मी सुगतकडे पाहिलं. त्यानेही तेच पाहिलं होतं.

दुपारचं ऊन उतरल्यावर चंद्रपूरहून मूल या गावावरून जाणारी गडचिरोलीची एसटी धरली. अडीच तास धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खासगी गाडीच्या भानगडीत पडू नका. मूलनंतर जंगल रस्त्याला भिडतं आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच गाव. तिथे जानकी मडावीला भेटायला सुगतनेच सुचवलं होतं. रविवारच्या मंडळातली ती लांबची सदस्य, रुग्णालयात परिचारिका. संगीत बनवते ते फोनवर, ड्युटीच्या मधल्या वेळात, आणि गोंडीत. तिने मला एक गाणं ऐकवलं. त्यात तिच्या आत्याचा आवाज होता, आणि त्याखाली फक्त एक लांब, हलका सूर. मी ते चार वेळा ऐकलं. तसा मोकळेपणा माझ्या कुठल्याच कामात नव्हता. मी आत्याला भेटता येईल का विचारलं.

पहाटे पाचला आम्ही तिच्या स्कूटरवर धानोऱ्याच्या रस्त्याने निघालो. वाटेत एका ठिकाणी पोलिसांनी थांबवून कुठे चाललात विचारलं, जानकीने सांगितलं, त्यांनी जाऊ दिलं. हे दिवस बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांचे. गावात पोचलो तेव्हा बायका जंगलातून पानं तोडून आल्या होत्या आणि झाडाखाली बसून पानं मोजत पुडे बांधत होत्या. मोजणारी बोटं, पानांची सळसळ, दोरीची गाठ. जानकीची आत्या जैनीबाई मधोमध बसली होती. जोहार म्हणून नमस्कार झाला, चहा झाला. मग हात चालूच ठेवून तिने रेला धरला, आणि शेजारच्या दोघींनी तो उचलला. रेला हे त्यांच्या नाचाचं, मेळ्याचं गाणं. इथे मात्र ते बसल्या बसल्या, कामाच्या गतीने चाललं होतं. तीन आवाज होते आणि माझ्या एका कानात त्यांची खिचडी झाली नाही. कारण एक थांबली की दुसरी सुरू करत होती.

मला ते रेकॉर्ड करायचं होतं. जानकीने गोंडीत विचारलं आणि बराच वेळ चर्चा चालली. मला एक शब्द कळत नव्हता, पण घाई करू नये एवढं कळत होतं.

"रेकॉर्ड करा म्हणते," जानकीने शेवटी सांगितलं. "पण बनवल्यावर पयले यायले आयकवायचं. या नाई म्हणल्या तं पुसून टाकायचं. लोक येते, रेकॉर्ड करून नेते, मंग आमचंच गाणं आमाले लग्नात भेटते. नाव नाई, गाव नाई."

मी मान डोलावली. जानकी म्हणाली, मान नको, तोंडाने सांगा. मी जैनीबाईकडे बघून तोंडाने कबूल केलं. जानकीने ते गोंडीत सांगितलं, आणि मगच मी फोन बाहेर काढला.

साताऱ्याला परतून आता दोन महिने होऊन गेले. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांना माझा सल्ला एवढाच, की आधी सामान घेऊ नका, आधी माणसं शोधा. आणि शक्य असेल तर हिवाळ्यात जा. माझं ऐकणं सुधारलेलं नाही. परवाच उजवीकडून आलेल्या दुचाकीने मला दचकवलं. पण लॅपटॉपला मी आता एकच स्पीकर जोडते आणि त्यावर हात ठेवून काम करते. शिक्षक-खोलीतही सांगून टाकलं. त्यांनी ऐकवायला लावलं आणि एकीने प्रामाणिकपणे सांगितलं की तिचा पाय कुठेच हलला नाही.

रेल्याच्या गाण्यावर मी सहा आठवडे घालवले. पानांच्या सळसळीतून ताल काढला, सुरुवातीपासून किक ठेवला, बेस शिकल्याप्रमाणे बाजूला बसवला. मला ते फार आवडलं होतं. जानकी रजेवर गावी गेली तेव्हा तिने ते सगळ्यांना ऐकवलं आणि संध्याकाळी मला फोन केला.

"आत्यानं दोनदा आयकलं," ती म्हणाली. "चांगलं आहे म्हणे, ठेवा. पण म्हणे, मी गाऊन राह्यली तं मधामधात ते कोण बोलते? त्याले म्हणा, पयले माहं होऊ दे."

ते म्हणजे माझा किक. मी त्याच दिवशी पहिल्या दोन मिनिटांतून तो काढला. तिथे आता तिघींचे आवाज आहेत आणि पानं आहेत. त्यांचं झाल्यावर ठोका येतो. बदललेलं गाणं पाठवलं, तेव्हा बायकांनी होकारासोबत नावांचा क्रमही कळवला: आधी गाव, मग जैनीबाई, मग शेजारच्या दोघी, मग जानकी. तुमचं शेवटी लिहिलं तरी चालेल, असा निरोप होता. तसंच लिहिलं आहे. गाव धरून माझं नाव सहावं आहे, आणि गाणं कुणालाही ऐकवताना मी ती नावं सगळी, त्याच क्रमाने, तोंडाने सांगते.