न बघता विकलेली जमीन

मी चौथीपर्यंत शिकलो. शाळेनं मला काढलं नाही, मीच शाळा सोडली. पण जमिनीतलं मला कळतं, त्यामुळं त्या बाबतीत कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. जर्मनीत एर्लांगेनला मुलाकडं राहायला आलो, तेव्हा शेजारच्या जर्मन म्हाताऱ्यानं जमिनीचीच एक गोष्ट सांगितली. ती मात्र मी गप्प बसून ऐकली. निदान अर्धी तरी.

म्हातारा आपल्या बागेत बटाटे काढत होता. मी कुंपणाच्या अलीकडं, आणि मध्ये सूनबाई, त्याचं मला नि माझं त्याला सांगायला. त्याच्या पणजोबांचा भाऊ फार वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला, तिथल्या पलटणीत शिरला, मेक्सिकोशी लढला. पलटणीतून सुटताना सरकारनं त्याच्या हातात कागद ठेवला, की सरकारी पडीक जमिनीतली एकशेसाठ एकर कुठंही निवडून घे.

"मग कुठली घेतली?" मी विचारलं.

"घेतलीच नाही, बाबा," सूनबाई म्हणाली. "कागद दलालाला विकला आणि परत येऊन इथं बेकरी टाकली."

"जमीन न बघता?"

"पुष्कळ शिपायांनी तसंच केलं म्हणतात. जमिनी लांब, आणि हे लढून थकलेले."

मला पटेना. माती काळी की मुरमाड, पाणी किती खाली, हे बघायलासुद्धा माणूस जात नाही? मी हे विचारल्यावर म्हातारा हसला. त्या कागदावर शेवटी कुणी कुठली जमीन घेतली ते त्यानं शोधून काढलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर मुद्दाम जाऊन आला होता. नजर जाईल तिथवर मका, माती काळी. पाण्याचं विचारायला घराकडं वळला तर कुत्रं अंगावर आलं.

मी एवढं खोदून विचारत होतो त्याला कारण होतं. माझे वडील इंग्रजांच्या फौजेत इटलीत लढले. त्याबद्दल त्यांना गावच्या माळावर जमीन मिळाली. ती आता विकायची असं मुलाचं म्हणणं, आणि मीही हो म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात म्युनिकच्या भारतीय वकिलातीत टेर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, होता. तिथं गावाकडच्या पुतण्याच्या नावानं मुखत्यारपत्रावर सही करायची, की माझ्या बाजूनं काम संपलं.

"सरकारची व्हायच्या आधी ती मक्याची जमीन कुणाची होती?" मी शेवटचं विचारलं.

म्हाताऱ्यानं फावडं खाली ठेवलं. तिथं आधीपासून लोक राहत होते म्हणाला. त्यांना हुसकावलं आणि मग ती पडीक ठरली. मग त्यानं मलाच विचारलं, "आणि तुमची?"

"गायरान होतं," मी म्हटलं, आणि मला धनगर आठवले. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांच्या मेंढ्या त्या माळावर उतरायच्या. जमीन आमची झाली त्या वर्षीही ते आले आणि बांधाशी उभे राहिले. वडिलांनी ओढ्याकडची पट्टी त्यांच्यासाठी सोडली, कधी नांगरली नाही. मीही नाही, आणि मेंढ्या अजून तिथं बसतात. घेणारा आता तिथं भिंत घालणार होता.

रात्री जेवताना मी मुलाला म्हटलं, "ओढ्याकडची पट्टी वगळून लिही."

"बाबा, रस्ता त्याच बाजूला आहे. ती वगळून कोण घेईल?"

"मग नको घेऊ दे."

"आल्झो, हे बघा, आता आठवड्यावर आलंय सगळं."

"तू बघितलीस का ती जमीन?"

"बघितली की. गाडीतून."

"म्हणजे त्या बेकरीवाल्यापेक्षा बरा आहेस."

सूनबाईला हसू आलं, त्याला नाही. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. मग टेर्मिन रद्द केला आणि गावी जायला दिवाळीनंतरची रजा टाकली. विकायची का, किती विकायची, ते धनगरांच्या समोर तिथं उभं राहूनच ठरवायचं, हे मी सांगून ठेवलंय.

शेजारचा म्हातारा रोज काहीतरी विचारतो. मेंढ्या किती असतात, रात्री कुठं बसवतात. काल विचारत होता, तोही आला तर चालेल का.